आकाशात तुमच्यावर नजर कोणाची?

टेबलाच्या कडेला उभे राहा, पण कशालाही हात लावू नका. १९३६ सालातली हिवाळी संध्याकाळ आहे, जागा अमेरिकेच्या न्यू जर्सीतला नेवार्क विमानतळ. टेबलावर मोठा नकाशा पसरलाय आणि त्यावर पितळेचे छोटे तुकडे मांडलेत. प्रत्येक तुकड्यासोबत एक चिठ्ठी आहे. कोणत्या कंपनीचं विमान, किती उंचीवर, पुढच्या खुणेवर किती वाजता पोचणार, हे त्यावर लिहिलंय. बाह्या सरसावलेला एक तरुण कानाशी फोन धरून ऐकतोय, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय आणि मधूनच एखादा तुकडा बोटभर पुढे सरकवतोय. मागच्या फळ्यावर खडूने लिहिलेले आकडे पुसले जातायत, नवे चढतायत.

खिडकीबाहेर बघा. ढग इतके खाली उतरलेत की धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नाही. त्या ढगांत आत्ता विमानं आहेत, आणि या तरुणाला त्यातलं एकही दिसत नाही. रडार अजून इथे आलेलं नाही. वैमानिकाशी त्याचं थेट बोलणंही होत नाही. त्याचा फोन जातो कंपनीच्या माणसाकडे, तो माणूस रेडिओवरून वैमानिकाला निरोप देतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. म्हणजे टेबलावर जे मांडलंय ते सगळं काही मिनिटांपूर्वीचं. तरीसुद्धा दोन विमानं एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचतील असं चिठ्ठ्यांवरून दिसलं, तर त्यातल्या एकाला थांबवण्याची सोय आता झालीय. ही खोली १९३५च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. अमेरिकन, ईस्टर्न, टीडब्ल्यूए आणि युनायटेड या एकमेकींच्या तोंडचे प्रवासी पळवणाऱ्या कंपन्यांनी ती उभी केली, कारण ढगात कोणीच कोणाला दिसत नाही हे त्यांच्या वैमानिकांना पुरतं कळून चुकलं होतं. येत्या जुलैत सरकार ती आपल्या ताब्यात घेईल.

आता त्या तरुणाला विचारा, आकाश निरभ्र असेल तर काय करता? तो खांदे उडवेल. स्वच्छ हवेत वैमानिकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि समोरच्याला चुकवायचं, हा नियम. बघा आणि टाळा. या काळाला तो पुरेसा आहे, कारण विमानं थोडी आहेत आणि हळू उडतात. पुढची वीस वर्षं सगळा देश याच तीन शब्दांवर विसंबून राहणार आहे.

चला, ती वीस वर्षं ओलांडू.

शनिवार, ३० जून १९५६. लॉस एंजेलिसचा विमानतळ, सकाळचे नऊ. तुमच्यासमोर टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टलेशन उभं आहे. शेपटीला तीन उभे पंख, पाठीला माशासारखा बाक. ते कॅन्सस सिटीला निघालंय, आत ७० माणसं. पलीकडे युनायटेडचं डीसी-७ शिकागोला निघालंय, आत ५८. पहिलं ९ वाजून १ मिनिटाने उडतं, दुसरं त्यानंतर तीन मिनिटांनी. टीडब्ल्यूएला उंची मिळालीय १९ हजार फूट, युनायटेडला २१ हजार.

तुम्ही विमानात बसू नका. माझ्याबरोबर नियंत्रण कक्षात या. टीडब्ल्यूएचे कॅप्टन जॅक गँडी यांना पुढे ढगांची गर्दी दिसतेय, त्यांना २१ हजार फूट हवेत. ते कंपनीच्या रेडिओवाल्याला सांगतात, तो लॉस एंजेलिसच्या केंद्राला विचारतो, ते केंद्र सॉल्ट लेकच्या केंद्राला विचारतं. नेवार्कच्या टेबलाभोवती जी निरोपांची साखळी तुम्ही पाहिलीत, तीच ही. उत्तर येतं, नाही. २१ हजारांवर युनायटेड आहे. मग गँडी दुसरी परवानगी मागतात : ढगांच्या माथ्यापेक्षा हजार फूट वर राहून उडण्याची. ती मिळते, युनायटेड तिथेच आहे या सूचनेसकट. ढगांचे माथे त्या सकाळी वीस हजारांच्या आसपास आहेत. वीस आणि एक, एकवीस. जी उंची नाकारली गेली, तिच्यावरच विमान पोचतं, आणि यात कोणताही नियम मोडलेला नाही. ढगांच्या वर स्वच्छ हवा, आणि स्वच्छ हवेत बघायचं नि टाळायचं ही जबाबदारी वैमानिकाची. कागदोपत्री सगळं चोख.

आता सॉल्ट लेकच्या कंट्रोलरच्या खांद्यावरून डोकावा. त्याच्यापुढे दोन निरोप येऊन पडलेत. युनायटेड : २१ हजार फूट, पेंटेड डेझर्टची रेषा १० वाजून ३१ मिनिटांनी ओलांडणार. टीडब्ल्यूए : २१ हजार फूट, पेंटेड डेझर्टची रेषा १० वाजून ३१ मिनिटांनी ओलांडणार.

तुम्हाला ओरडावंसं वाटेल. थांबा, आणि त्याच्या जागी बसून बघा. ही रेषा म्हणजे एखादं ठिकाण नाही. दोन रेडिओ केंद्रांमधली ती कित्येक मैलांची रेघ आहे. एकाच मिनिटाला दोघं ती ओलांडणार म्हणजे एकाच बिंदूवर ओलांडणार असं होत नाही. शिवाय दोन्ही विमानं आखलेले हवाई मार्ग सोडून सरळ वाटेने निघालीत, अनियंत्रित हवेत. तिथे विमानांमध्ये अंतर राखणं हे त्याचं काम नाही. त्याच्या पडद्यावर ती दिसत नाहीत, कारण त्याच्यापुढे पडदाच नाही. या अपघाताची हकीगत सांगताना लोक त्या कंट्रोलरकडे बोट दाखवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. दोष त्या व्यवस्थेचा होता. आकाशाच्या मोठ्या भागात विमान असलं तरी त्याच्याकडे बघणारं कोणी असायला हवं, हेच तिला मान्य नव्हतं.

साडेदहाच्या सुमाराला, ग्रँड कॅन्यनच्या वर, डीसी-७चा डावा पंख कॉन्स्टलेशनच्या शेपटीला आणि मागच्या धडाला चिरत गेला. एक विमान टेंपल बट या सुळक्यापाशी कोसळलं, दुसरं जवळच्याच चुआर बटच्या कड्यावर. दोन्ही विमानांतली सगळी, १२८ माणसं गेली. चौकशीत मूळ कारण म्हणून नोंदलं गेलं ते इतकंच : वैमानिकांना एकमेकांची विमानं वेळेत दिसली नाहीत. मध्ये ढगांचे ढिगारे होते का, प्रवाशांना दरी दाखवण्यात लक्ष गुंतलं होतं का, कॉकपिटच्या खिडक्यांतून दिसतंच किती, अशा शक्यतांची मोठी यादी त्या अहवालात आहे.

त्या यादीतली एक गोष्ट समजून घेण्यासाठी जरा थांबू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही कॉकपिटमध्ये आहात आणि दुसरं विमान तुमच्या समोरून आडवं जाणार आहे. ते काचेवर डावीकडून उजवीकडे सरकताना दिसलं, तर ते तुमच्या पुढून किंवा मागून निघून जाईल. ज्याच्याशी तुमची टक्कर होणार, ते सरकत नाही. दोघांचा वेग आणि दिशा कायम असेल तर ते काचेवर एकाच जागी चिकटून राहतं आणि नुसतं मोठं होत जातं. तेही आधी बराच वेळ कळेल-न-कळेल असं आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत झपाट्याने. माणसाची नजर हलणाऱ्या वस्तूवर आपोआप जाते. न हलणारा ठिपका तिला काचेवरचा डाग वाटतो. ज्या विमानापासून खरा धोका, तेच शोधायला सगळ्यांत अवघड. डोळ्यांत तेल घालून बसलेला वैमानिकसुद्धा इथे चुकू शकतो.

ग्रँड कॅन्यननंतर पैसा आला, रडार आली, आणि २३ ऑगस्ट १९५८ला एफएए, म्हणजे हवाई वाहतुकीचा सगळा कारभार एका हाती ठेवणारी संस्था, स्थापन करणाऱ्या कायद्यावर सही झाली. ठराविक उंचीच्या वर कोणीही निव्वळ डोळ्यांच्या भरवशावर उडायचं नाही हे टप्प्याटप्प्याने ठरत गेलं. १९६०च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कवर आणखी दोन प्रवासी विमानं धडकली, त्यानंतर दहा हजार फुटांखाली वेगाला लगाम आला. आजही तिथे २५० नॉटच्या वर जाता येत नाही. १९७०पासून मोठ्या विमानतळांभोवती परवानगीशिवाय शिरायचं नाही अशा हद्दी आखल्या जाऊ लागल्या. १९७८मध्ये सॅन दिएगोच्या घरांवर एक बोइंग ७२७ आणि एक छोटं सेसना एकमेकांवर आदळून पडली. १४४ बळी.

३१ ऑगस्ट १९८६. रविवार, लॉस एंजेलिसचं आकाश लख्ख. तुम्ही रडारच्या अंधाऱ्या खोलीत आहात. गोल पडद्यावर हिरवे ठिपके, काही ठिपक्यांशेजारी आकडे. आकडे म्हणजे विमानाची ओळख आणि उंची. विमानातलं ट्रान्सपॉन्डर नावाचं यंत्र ती माहिती स्वतः पाठवतं. पण उंची पाठवायला त्या यंत्राला आणखी एक जोड लागते, आणि छोट्या विमानांना ती सगळीकडे सक्तीची नाही. त्यांचे ठिपके कुठे आहेत ते कळतं, किती वर आहेत ते कळत नाही.

टॉरन्सच्या लहान विमानतळावरून एक पायपर विमान उडालंय. आत तीन जण, बिग बेअर या डोंगरातल्या गावी निघालेत. उंची पाठवणारी जोड त्यांच्याकडे नाही. ते वर चढत चढत लॉस एंजेलिसच्या राखीव हद्दीत शिरतात, परवानगी न घेता. मुद्दाम शिरले असं मानायला काही आधार नाही. हवेत कुंपण नसतं. ती हद्द नकाशावर आहे, खाली दिसणाऱ्या रस्त्यांवरून आणि वळणांवरून ती ओळखावी लागते, आणि नजर बाहेर ठेवायची की नकाशात हा पेच एकट्या वैमानिकाला दर मिनिटाला सोडवावा लागतो.

दक्षिणेकडून एरोमेक्सिकोचं डीसी-९ उतरत येतंय, तिहुआनाहून निघालेलं, ६४ माणसांचं. तुमच्या शेजारच्या कंट्रोलरचं लक्ष या घटकेला तिसऱ्याच एका छोट्या विमानात अडकलंय. तेही न विचारता हद्दीत आलंय आणि त्याला समज देणं चाललंय. पायपरचा ठिपका त्याच्या ध्यानात येत नाही. ११ वाजून ५२ मिनिटांनी, सुमारे साडेसहा हजार फुटांवर, पायपर डीसी-९च्या शेपटीच्या आडव्या पंखावर आदळतं. खाली सेरिटोस आहे. सुटीचा दिवस, माणसं घरात. विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५, एकूण ८२.

पायपरच्या वैमानिकाला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे. चौकशी मात्र खोलात गेली आणि पुन्हा त्याच जागी पोचली : स्वच्छ हवा, दोन्हीकडे डोळे उघडे असलेले वैमानिक, आणि तरीही कोणाला कोणी दिसलं नाही. यावेळी उत्तर मात्र बदललं. मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या वर्तुळात उंची सांगणारं ट्रान्सपॉन्डर सक्तीचं झालं, मग तुम्ही राखीव हद्दीत शिरा वा न शिरा. प्रवासी विमानांत टीकॅस नावाची यंत्रणा आली. ती आसपासच्या ट्रान्सपॉन्डरना परस्पर विचारते आणि टक्कर जवळ आली की 'चढा' किंवा 'उतरा' असं वैमानिकाला सांगते. बघण्याचं काम डोळ्यांवरून पहिल्यांदाच काही अंशी यंत्राकडे गेलं.

१९९३च्या १६ सप्टेंबरला फार रेंगाळायला नको, पण नव्या नकाशाची घडी उघडून बघाच. एकेका अपघातामागून एकेक हद्द वाढत गेल्याने नावांचा गोंधळ माजला होता, आणि दुसऱ्या देशात उडायला गेलं की नावं आणखी वेगळी. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९०मध्ये सगळ्या जगासाठी अक्षरं ठरवली. अमेरिकेने त्या दिवसापासून ए, बी, सी, डी, ई आणि जी घेतली, एफ सोडून दिलं. वैमानिक रेडिओवर त्यांना अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको आणि गोल्फ म्हणतात. या अक्षरांकडे परीक्षेत पाठ करायची यादी म्हणून पाहिलं की ती रुक्ष वाटतात. मी त्यांच्याकडे एका प्रश्नाची सहा उत्तरं म्हणून बघतो : इथे तुमच्यावर नजर कोणाची आहे? अल्फात सर्वस्वी कंट्रोलरची. गोल्फमध्ये फक्त तुमची स्वतःची. बाकीची चार अक्षरं या दोन टोकांमधल्या पायऱ्या आहेत.

आणखी एक मुक्काम, आपल्या देशातला. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्ली, संध्याकाळचे पावणेसात होत आलेत. इथे हद्द नियंत्रित आहे, कंट्रोलर जागेवर आहे, दोन्ही विमानं त्याच्याशी बोलतायत. कझाकस्तानचं इल्यूशिन उतरतंय, त्याला १५ हजार फुटांपर्यंतची परवानगी आहे. सौदियाचं जंबो चढतंय, त्याला १४ हजार. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट एकच. आता पडदा नीट बघा : ठिपके आहेत, पण उंची नाही. दिल्लीचं रडार त्या संध्याकाळी विमान कुठे आहे एवढंच सांगतं. कोण किती वर आहे हे कंट्रोलरला वैमानिकाच्या शब्दावरून मानावं लागतं. इल्यूशिन १५ हजारांच्या खाली घसरतं आणि पडद्यावर काहीच बदलत नाही. चरखी दादरीच्या शेतांवर ३४९ माणसं पडली. हवेतल्या टकरींत याहून मोठा आकडा आजवर नाही. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने कझाक वैमानिकांनी नेमून दिलेली उंची सोडल्याचं कारण नोंदवलं, आणि त्यानंतर भारताने टकरीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली. सेरिटोस होऊन दहा वर्षं लोटली होती. न दिसणारी उंची माणसं मारते हा धडा तिथे शिकला गेला होता, आणि दिल्लीला तो स्वतःच्या माणसांच्या मोलाने पुन्हा घ्यावा लागला, याची चीड मला आजही येते.

आता वर्तमानात या. टॉरन्स, तोच विमानतळ. आज त्याचं नाव झँपेरिनी फील्ड, ऑलिंपिकचा धावपटू आणि युद्धात बाँबफेकी विमानावर गेलेला लुई झँपेरिनी याच्यावरून. चार आसनी सेसनात डाव्या जागेवर तुम्ही आहात आणि तुम्हाला जायचंय बिग बेअरला. पायपरचीच वाट.

इंजिन सुरू करण्याआधी मांडीवरचा नकाशा वाचा. टॉरन्सभोवती निळी तुटक रेघ आहे, म्हणजे डेल्टा. टॉवर असलेल्या लहान विमानतळाची हद्द, जमिनीपासून साधारण अडीच हजार फुटांपर्यंत. त्याच्या उत्तरेला जाड निळ्या रेघांची वर्तुळं एकात एक गुंतलीत. ती ब्राव्हो, लॉस एंजेलिसच्या मोठ्या विमानतळाची. वैमानिक तिला उलटा ठेवलेला लग्नाचा केक म्हणतात : मधला भाग थेट जमिनीपर्यंत, आणि बाहेर जावं तसा प्रत्येक थर वरून सुरू होणारा. भागाकारासारखे आकडे दिसतात तिथे वरचा आकडा छत, खालचा तळ, शेकडा फुटांत. १०० आणि त्याखाली ५० असेल तर दहा हजारांपासून पाच हजारांपर्यंत ब्राव्हो. त्याच्या खालून तुम्ही न विचारता जाऊ शकता. मोठ्या विमानांनाही या थरांच्या खाली २०० नॉटची मर्यादा आहे, कारण तिथे तुमच्यासारखे लोक असतात. सेसना तेवढं पळतच नाही, पण समोरून येणारा हळू येतोय याचा फायदा तुमचाच.

याच केकच्या पोटात एक बोगदा आहे, तुमच्या वाटेवर नसला तरी नकाशात शोधून बघा. थेट मोठ्या विमानतळावरून तिरका जाणारा पट्टा. आग्नेयेला जाणाऱ्याने साडेतीन हजार फुटांवर, वायव्येला जाणाऱ्याने साडेचार हजारांवर, वेग १४० नॉटच्या आत, दिवे लावलेले, ट्रान्सपॉन्डरवर १२०१ हा कोड, जवळ चालू आवृत्तीचा नकाशा. एवढं पाळलं की कोणाच्याही परवानगीशिवाय जगातल्या अतिशय गजबजलेल्या धावपट्ट्यांच्या माथ्यावरून जाता येतं. आतले वैमानिक ठराविक रेडिओ लहरीवर एकमेकांना आपापला ठावठिकाणा सांगत राहतात. नियम नीट आखला तर तो वाट मोकळीही करतो, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

टॉवरशी बोला, उडा. डेल्टात शिरताना किंवा निघताना लागतो तो फक्त संवाद, टॉवरशी दुतर्फा बोलणं. टॉवर धावपट्टीवरची गर्दी सांभाळतो. हवेत तुमच्यासारख्या नजरेने उडणाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची हमी तो देत नाही. सूचना देईल, बघायचं तुम्ही.

पूर्वेला वळलात की सोकल ॲप्रोचला, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रडार केंद्राला, हाक मारा. कंट्रोलर तुम्हाला एक चार आकडी कोड देतो, तुम्ही तो ट्रान्सपॉन्डरवर लावता आणि तो म्हणतो, "रडार कॉन्टॅक्ट." इथे नवे वैमानिक फसतात. तो तुम्हाला बघतोय, तुमच्याशी बोलतोय, मग ब्राव्होत शिरायला हरकत काय? हरकत आहे. ब्राव्होला बोलणं पुरत नाही, उघड शब्दांत परवानगी लागते. पुढच्याच वाक्यात तो सांगतो, "ब्राव्होच्या बाहेर राहा." तुम्ही थराच्या तळाखाली सपाट उडत राहता, डोक्यावरून पोट दाखवत एक बोइंग उतरणीला लागतं. काही मिनिटांनी तुमचा क्रमांक पुकारला जातो, "क्लिअर्ड इन्टू लॉस एंजेलिस क्लास ब्राव्हो." तुम्ही शब्दशः परत म्हणून दाखवता आणि चढू लागता. आता तुमच्यात आणि इतरांमध्ये अंतर राखणं हे त्याचंही काम आहे. म्हणून ढगांबाबत इथे सवलत मिळते : तीन मैल दृश्यमानता असावी आणि ढगात शिरू नये, एवढं बस. खाली सेरिटोस आहे. छपरं, पोहण्याचे तलाव, रस्त्याकडेची झाडं.

साडेनऊ हजार फुटांवर स्थिर व्हा. हा आकडा तुमच्या मर्जीचा नाही. नजरेने उडणाऱ्याने पूर्वेकडे जाताना विषम हजार अधिक पाचशे घ्यायचे, पश्चिमेकडे जाताना सम हजार अधिक पाचशे. यंत्रांच्या आधारे उडणारे पुऱ्या हजारांवर असतात. त्या पाचशे फुटांनी, कोणीही काही न बोलता, तुम्ही त्यांच्यापासून वेगळे होता.

नाकाखाली ओंटारिओचा विमानतळ येईल. नकाशावर किरमिजी अखंड रेघ, चार्ली. तुम्ही तिच्या छतावरून चाललाय, पण इथे उतरायचं असतं तर एक गमतीचा, तरी अगदी काटेकोर नियम लागू झाला असता. चार्लीत शिरायला परवानगीचे शब्द लागत नाहीत, संवाद जुळावा लागतो. कंट्रोलर तुमचा क्रमांक घेऊन "स्टँड बाय" म्हणाला तर संवाद जुळला, आत या. नुसतं "हाक मारणारं विमान, स्टँड बाय" म्हणाला तर नाही जुळला, बाहेरच थांबा. नजर कोणावर आहे हे त्याने नावानिशी सांगितलं की नाही, फरक तेवढाच.

मान वर करा. जेटची पांढरी रेघ निळ्यात उमटत चाललीय. ते अल्फा. १८ हजार फुटांपासून ६० हजारांपर्यंत. तिथे नजरेवर उडायची मुभाच नाही. प्रत्येक विमान आराखडा देऊन, परवानगी घेऊन, कंट्रोलरच्या हाताखाली. ग्रँड कॅन्यनवरची ती दोन विमानं २१ हजारांवर होती. अल्फात गेलं की सगळे वैमानिक उंचीमापकावर एकच हवेचा दाब लावतात, २९.९२ इंच, खालच्या गावात खरा दाब काहीही असो. त्यामुळे उंची किंचित चुकीची दाखवली जाते, पण सगळ्यांची सारखीच चुकते, आणि दोघांमधलं अंतर खरं राहतं.

सॅन बर्नार्डिनोचे डोंगर जवळ आले. तुम्ही एकोत आहात. अमेरिकेचं बहुतेक आकाश हेच. परवानगी नको, बोलायची सक्तीही नाही. पण यंत्रांवर उडणारी विमानं याच हवेत ढगांमधून ये-जा करतात, म्हणून तीन मैल दृश्यमानता हवी, ढगांच्या पाचशे फूट खाली, हजार फूट वर किंवा दोन हजार फूट बाजूला राहायला हवं. एखादं विमान ढगाच्या भिंतीतून अचानक बाहेर पडलं तर त्याला आणि तुम्हाला बघायला काही सेकंद मिळावेत, यासाठी ते अंतर. दहा हजार फुटांच्या वर, वेगाची मर्यादा संपते तिथे, हेच अंतर वाढतं : पाच मैल दृश्यमानता, वर-खाली हजार फूट, बाजूला एक मैल. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या एखाद्या प्रशिक्षकाला हे आकडे विचारा, तो झोपेतही सांगेल. ते असेच का, हे मात्र त्याला आवर्जून विचारा.

सोकल तुमचा निरोप घेतो. "रडार सेवा संपली, ट्रान्सपॉन्डर १२००." समोर तळं, तळ्याच्या पूर्व टोकाला धावपट्टी, समुद्रसपाटीपासून ६,७५२ फूट उंचावर. टॉवर नाही. अशा दऱ्याखोऱ्यांत जमिनीलगतची हवा बऱ्याचदा गोल्फ असते. दिवसा, जमिनीजवळ, एक मैल दिसलं आणि ढगाबाहेर राहिलं की झालं. तुम्ही विमानतळाची रेडिओ लहर लावून सगळ्यांना उद्देशून बोलता, "बिग बेअर ट्रॅफिक, सेसना, तळ्यावर, पश्चिमेकडून येतोय, उतरणार."

एक आवाज उत्तर देतो. पायपर, नुकतंच उडालंय, वळसा घेऊन परत उतरणार आहे. तुमच्या छोट्या पडद्यावरही ते दिसतं, कारण २०२०पासून ब्राव्हो-चार्लीसारख्या हद्दींत उडणाऱ्यांना आपली जागा आणि उंची दर सेकंदाला प्रसारित करणारी यंत्रणा बाळगावी लागते. पडद्यावरून नजर उचला. कुठे आहे? क्षितिजाच्या वर नाही. डोंगराच्या गडद पाठीवर नाही. काचेच्या डाव्या बाजूला एक काळा ठिपका आहे, डाग असावा तसा. तुम्ही डोकं दोन बोटं हलवता; काचेवरचा डाग असता तर बाहेरच्या देखाव्यावरून सरकला असता. हा देखाव्यासोबत तिथेच आहे, हलत नाही, आणि मघापेक्षा थोडा मोठा झालाय.

तुम्ही लगेच उजवीकडे वळता, त्याला पुढे जाऊ देता. ठिपक्याला पंख फुटतात, मग पांढरा रंग, मग शेपटी, आणि आता तो काचेवरून सरसर सरकतोय. तुम्ही बटण दाबता, "बिग बेअर ट्रॅफिक, सेसना, पायपर दिसलं, त्याच्या मागून उतरतोय."